थंडीतल्या काँक्रीटचे पोपडे, कच्चे कोपरे, खचलेला पाया: दोष कोणत्या क्रमाने शोधायचा

थंड प्रदेशात पारा उतरला की काँक्रीटच्या तक्रारी ठरलेल्याच येतात. कुठे पृष्ठभाग पोपडे धरतो, कुठे साचा काढताना कोपरा हातात येतो, कुठे दोन महिन्यांनी फुटिंगची, म्हणजे भिंतीखालच्या किंवा खांबाखालच्या रुंद पायाची, एक बाजू खाली जाते. लगेच सिमेंटला नाहीतर मिक्स पाठवणाऱ्याला शिव्या बसतात. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो.

थंडीतलं काँक्रीटकाम कधीपासून धरायचं, याच्या रेषा आखलेल्या आहेत. भारतीय मानक आयएस ७८६१ च्या दुसऱ्या भागात ती ५ अंश सेल्सिअसला आहे, अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या म्हणजे एसीआयच्या ३०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत ४ अंशांना. दोन्ही रेषा हवेच्या तापमानाच्या आहेत आणि घोळ इथेच होतो. काँक्रीटला हवा किती गार आहे याच्याशी थेट देणंघेणं नसतं. त्याला भिडतात त्या खालची माती, बाजूचा साचा आणि आतली सळई. फोनवर ६ अंश दिसत असताना सावलीतल्या खड्ड्याचा तळ उणे २ वर असू शकतो. म्हणून खालच्या प्रत्येक तपासणीत एकच प्रश्न विचारायचा आहे: त्या जागी, त्या वेळी काँक्रीट स्वतः किती अंशांवर होतं?

लक्षणं आणि त्यांचा अर्थ

- दुसऱ्या दिवशीही अंगठा रुततो. काँक्रीट गार आहे आणि उशिरा आवळतंय, म्हणजे घट्ट होतंय. हे बहुधा दुरुस्त होण्यासारखं असतं.
- सकाळी दगडासारखं टणक, दुपारी ऊन पडल्यावर ओलं आणि मऊ. ते आवळलेलं नव्हतं, गोठलेलं होतं.
- पृष्ठभागावर पक्ष्याच्या पावलांसारख्या किंवा पिसासारख्या रेघा. बर्फाच्या स्फटिकांचे ठसे आहेत हे. काँक्रीट मऊ असतानाच पाणी गोठलं.
- बोट फिरवलं की पांढरट भुकटी निघते, खालचं काँक्रीट मात्र चांगलं. शेगडीच्या धुराचा संशय घ्या.
- कोपरे आणि कडा भुसभुशीत, मधला भाग ठीक. पांघरूण कोपऱ्यांवर कमी पडलं.
- स्लॅबवर हातोडी वाजवली की काही जागी पोकळ आवाज, फोड, पातळ पापुद्रे. घोटाई लवकर झाली किंवा चुकीच्या मिक्सवर झाली.
- पहिला हिवाळा सरल्यावर वरचे ३ ते ५ मिलिमीटर खवल्यासारखे सुटतात. हवेचे बुडबुडे कमी, पाणी जास्त, किंवा कोवळ्या काँक्रीटवर बर्फ वितळवायचं मीठ पडलं.
- काँक्रीट उत्तम, पण भिंतीला तिरकी भेग, फुटिंग वर उचललेलं किंवा खचलेलं. दोष मातीत आहे, काँक्रीट कितीही तपासलं तरी सापडणार नाही.
- क्यूबचे, म्हणजे त्याच मालाच्या तपासणीसाठी काढलेल्या ठोकळ्यांचे, आकडे छान, बीम मात्र कच्चा. क्यूब उबदार टाकीत वाढले, बीम वाऱ्यात.

एकाच ओतकामात यातली दोन-तीन लक्षणं एकत्र सापडतात. तसं झालं तर आधी मातीकडे बघा, कारण तिथली चूक सगळ्यात महाग पडते.

गोठल्यावर नेमकं काय बिघडतं

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. ताज्या काँक्रीटमधलं पाणी शून्याच्या थोडं खाली गोठू लागतं, कारण त्यात क्षार विरघळलेले असतात. सिमेंटच्या कणांमध्ये नुकते जुळू लागलेले धागे हा फुगवटा तोडून टाकतो, आणि खडी व सळईभोवती बर्फाचे पापुद्रे तयार होतात. बर्फ वितळला की तिथे पोकळी उरते. अशा काँक्रीटची अंतिम ताकद निम्म्यापर्यंत घसरू शकते, आणि नंतर कितीही क्युरिंग केलं तरी ती परत येत नाही.

काँक्रीटने सुमारे ३.५ मेगापास्कल ताकद धरली की एकदा गोठणं ते सहसा झेलतं. तोवर आतलं बरंचसं पाणी सिमेंटने वापरलेलं असतं आणि फुगायला रिकामी जागा झालेली असते. नेहमीचं मिक्स १० अंशांवर राखलं तर हा टप्पा साधारण ४८ तासांत येतो. वारंवार गोठणं-वितळणं सोसायला मात्र २४ मेगापास्कलच्या आसपास ताकद आणि आत मुद्दाम धरून ठेवलेली हवा, दोन्ही लागतात. म्हणजे पहिले दोन दिवस वाचवणं हे एक काम आणि पुढचे हिवाळे सोसण्याची तयारी हे दुसरं. यांची गल्लत करू नका.

तपासणी १: गोठलंय की आवळलंय?

खर्च केटलीभर पाण्याचा. मुठीएवढ्या जागेवर कडक गरम पाणी ओता किंवा हॉट एअर गनने दोन-तीन मिनिटं शेका, मग खिळ्याने जोरात ओरखडा काढा. जागा टणक राहिली आणि खिळ्याची फक्त पांढरी रेघ उठली, तर आवळलंय. चिखल होऊन खिळा आत गेला, तर तो बर्फाचा टणकपणा होता. तपासणी पृष्ठभागाच्या मध्यावर करू नका. कोपरा, कड आणि उत्तरेकडची बाजू घ्या. झाल्यावर पाणी पुसून जागा झाका, नाहीतर तुमचंच पाणी तिथे गोठेल.

ही तपासणी पहिली घ्यायचं कारण असं की गोठलेलं काँक्रीट बाकी सगळ्यांना फसवतं. हातोडी त्यावर खणखणीत वाजते, रिबाउंड हॅमरचे (आपटून उसळीवरून टणकपणा मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडेही फुगून येतात. त्या आकड्यांवर विसंबून टेकू काढले, की ऊन पडल्यावर काय होईल ते सांगायला नको.

गोठलं नसेल आणि नुसता उशीर होत असेल, तर घाबरू नका. २१ अंशांवर साधारण ६ तासांत आवळणारं मिक्स १० अंशांवर ११ तास आणि ४ अंशांवर १४ तास घेऊ शकतं. फ्लाय अॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असेल तर आणखी. ऊब वाढवा, झाका, थांबा.

तपासणी २: नोंदवही उघडा

यालाही पैसे लागत नाहीत, नोंदी ठेवल्या असतील तर. ओतकामाची वेळ, ट्रकमधून उतरताना काँक्रीटचं तापमान, रात्रीचं किमान, आणि झाकलेल्या पृष्ठभागाचं तापमान दिवसातून किमान दोनदा. यातलं शेवटचं सहसा कुणी लिहिलेलं नसतं आणि नेमकं तेच हवं असतं.

आकडे असतील तर मॅच्युरिटीचा, म्हणजे तापमान आणि वेळ मिळून काँक्रीट किती पिकलं याचा, ढोबळ हिशोब करा. काँक्रीटच्या तापमानात १० मिळवा आणि तासांनी गुणा. उणे १० अंशांखाली वाढ जवळपास थांबते असं या हिशोबात गृहीत धरतात. १० अंशांवर ४८ तास म्हणजे २० गुणिले ४८, म्हणजे ९६०. कोपरा ३ अंशांवर राहिला असेल तर तेवढ्याच ९६० ला १३ ने भागा: सुमारे ७४ तास. मधला भाग दोन दिवसांत सुरक्षित झाला, कोपऱ्याला तीन दिवसांहून जास्त लागणार होते, आणि पांघरूण दोन दिवसांनी काढलं. कच्च्या कोपऱ्यांचं कोडं बऱ्याचदा या एका भागाकारात सुटतं. हा हिशोब संशय कुठे घ्यायचा ते सांगतो. साचा काढायची परवानगी त्यावर देऊ नका. त्यासाठी त्याच मिक्सवर प्रयोगशाळेत काढलेला आलेख लागतो.

तपासणी ३: थर्मामीटर योग्य जागी आहे का?

एक प्रोब थर्मामीटर आणि एक इन्फ्रारेड गन पुरते. इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग वाचते आणि ओल्या किंवा चकचकीत पत्र्यावर चुकते, म्हणून साच्यासाठी तिचा उपयोग अंदाजापुरताच. खरा आकडा प्रोबचा. तो पांघरुणाखाली पृष्ठभागाला टेकवून, हवेपासून झाकून घ्यायचा.

पुढच्या ओतकामाला थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या, तारा आधीच सळईला बांधून ठेवा: एक मध्यभागी, एक सगळ्यात उघड्या कोपऱ्यात पृष्ठभागापासून २० ते ५० मिलिमीटर आत, एक तळाशी. तार सळईला थेट टेकू देऊ नका, मधे टेप घ्या. तारेला फार पैसे पडत नाहीत. पुढच्या सगळ्या वादांत साक्ष मात्र तिचीच चालते.

तापमान किती हवं ते भागाच्या जाडीवर ठरतं. एसीआयच्या आकड्यांप्रमाणे ३०० मिलिमीटरपेक्षा पातळ भागात किमान १३ अंश, ३०० ते ९०० मध्ये १०, ९०० ते १८०० मध्ये ७ आणि त्याहून जाड असेल तर ५. जाड भाग स्वतःच्या उष्णतेवर तगतो, पातळ स्लॅब तगत नाही. इथे पुष्कळ जण उलट करतात: मोठ्या फुटिंगला शेगडी लावतात आणि १०० मिलिमीटरच्या स्लॅबवर नुसती ताडपत्री टाकतात.

तपासणी ४: माती

ओतायच्या आधी १२ मिलिमीटरची सळई किंवा पहार घेऊन तळ जागोजागी ठोका. न गोठलेल्या मातीत ती धसते आणि आवाज दबका येतो. गोठलेल्या मातीत टणत्कार होतो, टोक उडी मारतं. नुसता वरचा पापुद्रा गोठलाय की आतपर्यंत, हे कळायला १०० मिलिमीटर खोल भोक पाडून प्रोब घाला. सावलीतले कोपरे आणि आदल्या दिवशी पाणी साचलेल्या जागा हमखास तपासा.

गोठलेल्या मातीवर ओतायचं नाही. यात सवलत नाही, आणि त्याला तीन वेगवेगळी कारणं आहेत. एक, तळाची माती काँक्रीटची ऊब ओढून घेते. खालचा थर कच्चा राहतो आणि वरचा शेगडीने आवळतो, मग वरच्या सालीला भेगा पडतात. दोन, तीच ऊब खालचा बर्फ वितळवते आणि माती असमान बसते, कारण बर्फ सगळीकडे सारखा नसतो. तीन, बारीक गाळाच्या मातीत बर्फाची भिंगं तयार होतात. खालून पाणी शोषलं जातं, थरावर थर चढत जातात आणि पाया वर उचलला जातो. यासाठी गोठवणारी थंडी, पाण्याचा पुरवठा आणि पाणी वर चढवणारी माती, तिन्ही एकत्र लागतात. गाळ आणि अगदी बारीक रेती यात सगळ्यात वाईट. स्वच्छ खडीतून पाणी वर चढत नाही. म्हणूनच निचरा होणारी खडीची भर पायाखाली उपयोगी पडते.

प्रतिबंध सोपा आहे. खोदकामाचे शेवटचे १५० ते ३०० मिलिमीटर ओतायच्या दिवसापर्यंत काढूच नका. ती माती खालच्या मातीचं पांघरूण होते. तळ उघडा करावाच लागला तर अंधार पडायच्या आत झाका. आधी इन्सुलेशनच्या गाद्या, वर प्लास्टिक, कडांना वजन.

गोठलेली माती वितळवायची तर गरम द्रव फिरणाऱ्या नळ्या जमिनीवर अंथरून त्यावर इन्सुलेशन घालणं ही चांगली पद्धत. उघड्यावर शेगडी ठेवली की बहुतेक उष्णता आकाशात जाते. गरम पाणी ओतून वितळवणं म्हणजे उद्याच्या बर्फाला आजच पाणी पुरवणं. वितळल्यावर पुन्हा पहार मारा, आणि मऊ चिखल लागला तर तो काढून खडी भरून धुम्मस करा. वितळलेली गाळाची माती नुसती कोरडी दिसली म्हणून दाबलेली होत नाही.

दोन जागा नेहमी नजरेतून सुटतात. पहिली, तळघर. फुटिंग बाहेरच्या बाजूने गोठणरेषेच्या (हिवाळ्यात माती जिथवर गोठते त्या खोलीच्या) खाली असतं, पण इमारत अर्धवट आणि तळघर उघडं असेल तर थंडी आतल्या बाजूने उतरते, आणि आत फुटिंगवर मातीचं पांघरूण जेमतेम असतं. नकाशा गरम इमारतीचा असतो, हिवाळा मात्र थंड सांगाडा काढतो. दुसरी, भिंतीमागची भर. गोठलेली ढेकळं भरली तर बर्फ गेल्यावर ती खचते, आणि बाजूची ओली माती भिंतीला चिकटून गोठली तर भिंतच वर खेचते.

फुटिंग ओतल्यानंतर खालची माती गोठल्याचं लक्षात आलं, तर इथेच थांबा. खोदून बघण्याच्या नादाला लागू नका, भू-तंत्र अभियंत्याला बोलवा. तोवर पायाच्या दोन्ही बाजू झाका, पाणी दूर वळवा आणि वर एकही वीट चढवू नका.

तपासणी ५: साचा आणि सळई

साच्याच्या तळाशी बर्फ, सळईवर हिम, कव्हर ब्लॉकखाली (सळई साच्यापासून दूर ठेवणाऱ्या ठोकळ्यांखाली) गोठलेलं पाणी. हे सगळं गरम हवेने काढा आणि वितळलेलं पाणी बाहेर जाईल अशी वाट ठेवा. मीठ टाकू नका. सळईजवळ क्लोराइड म्हणजे गंजाला आमंत्रण. नेहमीच्या जाडीची सळई हिम काढल्यावर पुरते. उणे १२ च्या खाली मात्र जाड सळया, प्लेटा आणि लोखंडी सेक्शन आधी उबवावे लागतात, नाहीतर त्यांच्याभोवती काँक्रीटचा पातळ थर गोठतो आणि पकड जाते. लोखंडी साच्यापेक्षा लाकडी साचा बरा, लाकूड थोडं तरी ऊब धरतं.

तपासणी ६: मिक्स

ट्रक आला की आधी तापमान. फाट्यावर नाही, ओतायच्या जागी. पंपाच्या गार नळीतून गेलेला पहिला माल आणखी उतरलेला असतो.

तापमान कमी का आलं, ते कागदावर कळतं. समजा एका घनमीटरला खडी-वाळू १८५० किलो २ अंशांवर, सिमेंट ३५० किलो ५ अंशांवर, खडी-वाळूत आधीच ४० किलो पाणी, आणि वरून १३५ किलो पाणी. खडी आणि सिमेंटची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे ०.२२ पट. वरचं पाणी ५ अंशांचं असेल तर मिक्स ३ अंशांवर येतं. तेच पाणी ६० अंशांचं केलं तर १४ अंशांवर. गरम पाण्याने ११ अंश मिळाले. म्हणून ऊब द्यायला पाणी हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

आता त्या ४० किलो पाण्याचा वाळूत बर्फ झालेला आहे असं धरा. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी ८० अंशांनी तापतं. मिक्स १४ वरून ९ वर येतं, आणि वरून वाळूचे गोठलेले गोळे काँक्रीटमध्ये तसेच राहून नंतर तिथे खड्डे पडतात. तापमान मधूनच घसरत असेल तर प्लांटवर वाळूचा ढीग झाकलेला आहे का, हे विचारा. उत्तर बहुधा तिथेच असतं.

पाणी फार गरम असेल, ६० ते ८० अंशांच्या घरात, तर ते आधी खडी-वाळूत घालून फिरवायचं आणि सिमेंट नंतर. सिमेंटला कढत पाणी थेट लागलं की गोळे होऊन ते झटक्यात आवळतं. तसंच, १३ हवं तिथे २५ अंशांचा माल मागवू नका. जास्त गरम माल लवकर स्लंप, म्हणजे ओला सैलपणा, गमावतो, मग कुणीतरी पाणी ओततं, आणि नंतर गार होताना तो जास्त आकसतो.

मिक्सबाबत आणखी काही गोष्टी विचारायच्या:

- स्लंप १०० मिलिमीटरच्या आत ठेवता येईल का? थंडीत पाणी वर यायला जास्त वेळ लागतो आणि ते जास्त काळ येत राहतं.
- लवकर आवळायला काय घातलंय? कॅल्शिअम क्लोराइड साध्या, सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत चालतं. सळईच्या कामात क्लोराइड नसलेलं रसायनच घ्या. घनमीटरला ६० किलो सिमेंट वाढवणं किंवा लवकर ताकद धरणारं सिमेंट वापरणं हेही पर्याय आहेत. लवकर आवळवणारं रसायन म्हणजे गोठण्यापासून संरक्षण असं समजू नका. त्याने धोक्याचा काळ आखडतो, पांघरुणाची गरज संपत नाही.
- हवा किती? गोठणं-वितळणं आणि मीठ सोसायचं असेल तर २० मिलिमीटर खडीच्या मिक्समध्ये ६ टक्क्यांच्या आसपास हवी, आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत. एअर मीटरने साइटवर मोजा. फ्लाय अॅशमधला कार्बन हवा धरणारं रसायन शोषतो, त्यामुळे प्लांटचा आकडा आणि साइटचा आकडा वेगळा निघू शकतो.

तपासणी ७: पांघरूण आणि शेगडी

गादी उचलून खाली हात घाला. ओली आहे का? ओली गादी ऊब धरत नाही. कडा वाऱ्याने उडतात का? फटीतून शिरलेला वारा अख्ख्या गादीचा उपयोग घालवतो. कोपऱ्यातून उष्णता दोन-तीन बाजूंनी जाते, म्हणून कोपरे आणि कडांना मधल्या भागाच्या तिप्पट जाडीचं इन्सुलेशन द्यायचं असतं. बाहेर डोकावणाऱ्या सळया उघड्या ठेवल्या तर त्या गारवा आत नेतात. त्यांनाही गुंडाळा.

तंबू उभारून शेगडी लावली असेल तर धूर कुठे जातो ते बघा. धूर आतच सोडणाऱ्या शेगडीतला कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागातल्या चुन्याशी संयोग पावतो आणि वर खडूसारखी भुकटी तयार होते. ती झाडून जात नाही, येतच राहते. थर पातळ असेल तर घासून काढता येतो किंवा पृष्ठभाग घट्ट करणारं द्रावण मारता येतं. खोल असेल तर तेवढा थर काढावाच लागतो. धूर बाहेर सोडून फक्त गरम हवा आत देणारी शेगडी हाच उपाय.

त्याच धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नाही. तंबूत कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली तर सगळ्यांनी लगेच बाहेर पडायचं, आपत्कालीन वैद्यकीय मदत बोलवायची आणि मगच शेगडीचा विचार. काँक्रीट गेलं तर जाऊ दे.

बाहेरची गार हवा गरम केली की ती फार कोरडी होते. तिचा झोत थेट पृष्ठभागावर आला तर केसांसारख्या भेगा पडतात. झोत वळवा आणि पृष्ठभाग प्लास्टिकने झाका. पाणी मारून क्युरिंग करायचं तर पांघरूण काढायच्या निदान एक दिवस आधी बंद करा. पाण्याने भरलेलं काँक्रीट उघड्यावर गोठलं की पोपडे ठरलेलेच.

तपासणी ८: घोटाई

वर आलेलं पाणी पृष्ठभागावर असताना गुरमाळा फिरवला तर ते पाणी वरच्या थरात मिसळतं आणि कमजोर साल तयार होते. वरून कोरडं सिमेंट भुरभुरवणं हा त्याच चुकीचा थोरला भाऊ. पाणी स्क्वीजीने ओढून काढा किंवा थांबा. गार जमिनीवरच्या स्लॅबला तास-दोन तास जास्त थांबावं लागतं, आणि नेमक्या याच वेळी लोक घरी जायच्या घाईत असतात.

पोकळ आवाज आणि फोडांचं दुसरं कारण: हवा धरलेल्या मिक्सवर लोखंडी पात्याने किंवा मशीनने घोटाई. आत ३ टक्क्यांपेक्षा जास्त हवा असेल तर कडक घोटाई करू नये. वर बंद साल होते आणि खाली हवा-पाणी अडकतं. आतली गुळगुळीत फरशी आणि बाहेरचा हवा धरलेला स्लॅब एकाच मिक्समधून काढायचा हट्ट सोडा.

तपासणी ९: साचा आणि पांघरूण कधी काढलं

भार नसलेल्या आणि पुढे उघड्यावर न राहणाऱ्या कामाला दोन दिवसांचं संरक्षण पुरू शकतं, उघड्यावर राहणाऱ्याला तीन, अर्धवट भार लवकर घेणाऱ्याला सहा. पूर्ण भार घेणाऱ्याला दिवस मोजायचे नाहीत, ताकद मोजायची.

पांघरूण एकदम ओढून काढलं की पृष्ठभाग झटक्यात गार होतो, आतला भाग गरम राहतो आणि भेगा पडतात. पहिल्या २४ तासांतली घसरण ३०० मिलिमीटरपेक्षा पातळ भागात २८ अंशांच्या आत ठेवा, ३०० ते ९०० मध्ये २२, ९०० ते १८०० मध्ये १७, त्याहून जाड भागात ११. आधी शेगडी बंद करा, दुसऱ्या दिवशी गाद्या सैल करा, मग काढा.

तपासणी १०: ताकद मोजणं

इथून पुढे खर्च वाढतो. उबदार टाकीतले क्यूब मिक्स कसं होतं ते सांगतात, बीम कसा आहे ते सांगत नाहीत. बीमसाठी त्याच्याच शेजारी, त्याच पांघरुणाखाली ठेवलेले क्यूब हवेत. उलटंही घडतं: प्रयोगशाळेत जायचे क्यूब पहिल्या रात्री साइटवर उघडे राहून गोठतात आणि चांगलं काँक्रीट नापास ठरतं. आकडा वाईट आला तर क्यूब पहिल्या रात्री कुठे होते ते आधी विचारा.

रिबाउंड हॅमर कमजोर जागा हुडकायला चांगला, तोही काँक्रीट पूर्ण वितळलेलं आणि पृष्ठभाग कोरडा असताना. खरी ताकद पुलआउट चाचणीतून (आत रोवलेला तुकडा ओढून काढायला किती जोर लागतो ते बघून) किंवा कोअर, म्हणजे दंडगोल नमुना, काढून कळते. गोठण्याची खूण किती खोल गेली ते कोअरचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर दिसतं.

पोपड्यांची खोली काही मिलिमीटर असेल आणि भाग भार घेणारा नसेल, तर कच्चा थर पक्क्या काँक्रीटपर्यंत काढून दुरुस्तीचा माल लावता येतो, तोही जागा ५ अंशांच्या वर असताना. कच्च्या थरावर मारलेला माल त्या थरासकट सुटतो.

कुठे हात आवरायचा

कॉलम, बीम, टांगता स्लॅब किंवा फुटिंग ३.५ मेगापास्कलच्या आधी गोठल्याचा संशय असेल, तर निर्णय संरचना अभियंत्याचा. आवळण्याआधी गोठलेलं काँक्रीट वितळल्यावर पुन्हा व्हायब्रेट करून वाचवता येतं असं म्हणतात. प्रयोगशाळेत ते जमतं. साइटवर कुठला भाग आवळण्याआधी गोठला आणि कुठला नंतर हे कुणालाच ठरवता येत नाही, त्यामुळे भार घेणाऱ्या भागावर हा प्रयोग करू नका. सळई दिसेपर्यंत कोपरा गेला, भेगेची रुंदी दिवसागणिक वाढतेय, टेकू काढताना स्लॅब लवला, किंवा ताणलेल्या केबलचं काम आहे, तरीही तेच. टेकू तसेच ठेवा, वरचा भार थांबवा, खालून माणसं हलवा.

अभियंता येईपर्यंत चार गोष्टी गोळा करा: तापमानाची नोंद, ट्रकच्या पावत्या, क्यूब कुठे ठेवले होते त्याची माहिती, आणि खराब भागाचे पट्टी ठेवून काढलेले फोटो. सुटलेले तुकडे पिशवीत घालून त्यावर जागा लिहा. आणि तो बघून जाईपर्यंत त्या भागावर गिलावा चढवू नका.